पडद्याच्या कापडाची राणी

त्या दिवशी उन्हं कलल्यावर मी आमच्या पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या स्टुलावर उभा होतो आणि माझ्या अंगावर राणीचा झगा होता. माझी बायको खाली फरशीवर बसून त्याच्या घेराला टाचण्या लावत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा ते शेवटचं आहे असं काही वाटलं नाही. तिच्या ओठात टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून ती बोलत नव्हती, नुसती हुं-हुं करत होती, आणि मी जरा हललो की माझ्या पोटरीवर चापट मारत होती.

झगा माझ्यासाठी नव्हता. आमच्या नातीसाठी होता. पण नात तिकडं चिकलठाण्याला, तिच्या आईबापाकडं राहते, दिवसभर कॉलेज आणि मग तालीम. ती फक्त रविवारी आमच्या बजाजनगरला यायची. तिची आणि माझी उंची एकच. म्हातारपणात मी वाळत गेलो आणि ती वाढत गेली, मधी कुठंतरी आमची गाठ पडली. म्हणून माप बघायला बायको मला उभं करायची. छातीच्या जागी दोन टॉवेल कोंबले, पाठीमागची दोरी आवळली, की झाली राणी तयार.

तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली आणि दारातच थांबली.

"अगं बया! काका, कुठं निघाली सवारी?"

"मुजरा करायला आलीस का?" मी म्हणलं. "मग वाकून कर. राणी हाय मी."

"मिशीवाली राणी पयल्यांदाच बघितली."

बायकोला हसू आवरेना. तिनं टाचण्या तळहातावर थुंकल्या आणि म्हणली, "हिला हसवू नको गं, हिचा घेर खाली-वर होतो. अन् तुम्ही, पाय जुळवून उभे राहा की. राणी काय अशी फेंगडी उभी राहती व्हय?"

उजवी बाजू पूर्ण झाली, पुढचा भाग झाला, डावीकडचा मागचा भाग राहिला. तेव्हा ती म्हणली की खांदा भरून आलाय, उरलेलं चहा पिऊन करू. मी झगा काढला, चहा मी ठेवला.

त्या चहाच्या पुढचं सांगायच्या आधी झग्याचं सांगतो. कारण सांगण्यासारखं तेच आहे.

नात कॉलेजच्या नाटकात आहे. स्पर्धा होती. नाटक पाचशे वर्षांपूर्वीच्या इटली देशातल्या कुठल्याशा राणीचं, आणि राणी आमची नात. भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात ही पोरं गेली तर तिथं राजे-राण्या सगळ्या आपल्याकडच्याच. गोऱ्या राणीचा म्हणून जो दिला तो वाढदिवसाच्या पोरीचा परीचा फ्रॉक निघाला, पाठीला पंख असलेला. मग नातीनं मोबाइलवरून एक फर्मा मागवला. फर्मा म्हणजे कागदाचा नमुना; तो कापडावर ठेवायचा आणि तसं कापायचं. परदेशी कंपनीचा होता. पाकिटात कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, घडीवर घडी, उघडला तर आमची सगळी खोली भरली. पण तो फर्मा आजकालच्या लग्नातल्या गाऊनचा होता. मागं चेन, खांदे उघडे, खाली सपाट घसरता घेर. राणीचा तसला फर्मा तिला मिळाला नव्हता.

"आज्जी, ह्याच्यातून ही होईल का?" असं म्हणून तिनं मोबाइलवर एका जुन्या रंगवलेल्या चित्रातली बाई दाखवली. चौकोनी गळा, पाटासारखी सपाट छाती, कंबर पुढं टोकदार उतरलेली, बाह्या अशा फुगलेल्या की एकेका बाहीत एकेक पोरगं झोपंल.

बायकोनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. पहिला प्रश्न विचारला तो असा, "ही बाई बसत कशी असंल?"

नात म्हणली, "राणी बसायची कमी, उभी जास्त राहायची."

"व्हय. बसली तर फाटंल ना." मग ती म्हणली, "आमच्या लेण्यांतल्या राण्यांना शिंप्याची गरजच पडली नाय. नुसते दागिने घातले, झालं." ती अजिंठ्याकडची. लहानपणी डोंगरात शेळ्या घेऊन फिरलेली, लेण्यांतली चित्रं तिनं शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त बघितलेली.

माझा मुलगा, नातीचा बाप, तिथंच बसला होता. तो म्हणला, "आई, कशाला डोळे फोडती? तयार मिळतो ऑनलाइन. मागवून टाकू."

"मिळतो तर मिळू दे," ती म्हणली. "मला बघायचंय मला येतो का."

तिनं जन्मभर ब्लाउज शिवले. ह्याच पुढच्या खोलीत, ह्याच पायाच्या मशीनवर. कंपन्यांमधी कामाला आलेल्या माणसांच्या बायका इथं नव्या नव्या राहायला यायच्या तेव्हापासून. रस्त्यानं चाललेल्या बाईकडं बघून ती सांगायची, हिचा गळा कुणी बिघडवलाय. आणि तिचं बरोबर असायचं. पण ब्लाउज ही चीज अशी की चांगला बसला तर त्याच्याकडं कुणी बघत नाही. वरून पदर येतो. तिचं सगळ्या जन्माचं काम पदराखाली गेलं. हे ती मला कधी रडून बोलली नाही. पण झग्याचं ठरल्यावर एकदा भाकरी थापता थापता म्हणली, "ह्याच्यावर पदर नाय ना घ्यायचा?"

मी म्हणलं, "गोऱ्या बाईला कुठला पदर?"

"मग सगळं दिसंल."

"सगळं दिसंल. लाईट मारतील वरून."

"मला पुढं बसायचं बरं का त्या दिवशी. मागून मला दिसत नाय."

बस. एवढंच बोलली. पण तिथून पुढं मला कळलं, हा झगा नातीचा जेवढा तेवढाच हिचा आहे.

मी चौथी शिकलो. वाळूजला एका कंपनीत पत्रे कापायच्या आणि वाकवायच्या मशीनवर नोकरी केली, तिथंच केस पांढरे झाले. इंग्रजी मला येत नाही. पण ड्रॉइंग कळतं. बाण कुठं, तुटक रेघ कशाची, सपाट पत्रा वाकवल्यावर किती उरतो, हे डोक्यात बसलेलं आहे. बायकोला हात होता, पण त्या कागदावरच्या रेघा बघून तिला भोवळ आली. एकाच कागदावर सहा-सात मापांच्या रेघा एकमेकींवर काढलेल्या. मी नातीच्या मापाची रेघ शोधली आणि लाल पेन्सिलीनं जुन्या पेपरांवर उतरवून दिली. एक एक तुकडा. बायको कापायची. मी म्हणलं, "बघ, शेवटी आलो ना तुझ्या हाताखाली."

"हाताखाली यायला लई उशीर केला," ती म्हणली. "कागद सरळ धरा."

मग तिनं त्या फर्म्याचं काय काय केलं ते मी बघत बसलो. मागची चेन काढून टाकली. म्हणली, राणीच्या काळी चेन कुठली. तिथं दोन्ही बाजूला भोकं पाडून दोरी ओवू, आपल्या लहानपणी पोरींच्या पोलक्याला असायची तशी. गळा चौकोनी केला. कंबर पुढून खाली ओढली, पिंपळाच्या पानाचं टोक उतरतं तशी. फर्म्यातली बाही तर उचलून बाजूलाच ठेवली. "ही बाही नव्हं, ही पिशवी," म्हणली आणि फुग्याच्या बाहीचा स्वतःचा कागद काढला. त्या बाहीला उभे चिरे दिले आणि चिऱ्यांतून आतलं पांढरं कापड फुगवून बाहेर काढलं. घेरासाठीसुद्धा फर्मा घेतला नाही. सरळ पट्टे जोडले, कमरेला बारीक चुण्या घातल्या, पुढून उघडा ठेवला, आतून दुसरा. "परकरच हाय हो हा," ती म्हणली. "दोन परकर एकावर एक. उगाच गोऱ्यांनी नाव मोठं केलंय."

कापड शहागंजला घेतलं. झग्याचं असं कापड साडीच्या दुकानात नसतं. जाड, भरलेलं, उभं राहणारं पाहिजे होतं. ते मिळालं पडद्याच्या दुकानात. गडद डाळिंबी, त्यावर पिवळी फुलं. दुकानदारानं गठ्ठा उलगडला आणि विचारलं, "कित्ती खिडकियां हैं अम्मा?"

"एकीच है भैया," ती म्हणली. "लेकिन चलती-फिरती है."

तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, "काट दो, भाई. इनसे मत पूछो."

आता चूक सांगतो. चूक झाली आणि ती आमच्यासारख्यांचीच होऊ शकते.

आमच्याकडं ब्लाउज शिवला की आत दीड इंच कापड जास्तीचं सोडायचं. मार्जिन. पोरीचं लग्न झालं, अंग भरलं, लेकरं झाली, की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायचं, तोच ब्लाउज परत घालायचा. बायकोचं तर हे व्रतच होतं. मार्जिन न सोडणाऱ्या शिंप्याला ती शिंपीच मानायची नाही. तर तिनं फर्म्याच्या प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी दीड दीड इंच सोडलं आणि कापलं. मी म्हणलं होतं, आधी जुन्या चादरीवर करून बघ. तर म्हणली, चादर वेगळी पडती, पडदा वेगळा पडतो, दोनदा कशाला मरू? चोळीचा तो वरचा भाग, तो सात तुकड्यांचा. तिनं सातही तुकडे दीड इंच आत धरून शिवले.

रविवारी नात आली, अंगात घातला, आणि पुढून दोन्ही हातांनी कापड धरून दाखवलं.

"आज्जी, ह्याच्यात अजून एक राणी मावंल."

मी फर्मा आणून नातीपुढं टाकला. तिनं कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी वाचलं आणि कपाळाला हात लावला. शिलाईपुरतं कापड त्या कंपनीनं फर्म्यात आधीच धरलेलं होतं. आम्ही त्याच्यावर आमचं सोडलं. सात तुकड्यांच्या सगळ्या शिवणीत ते वाढत गेलं.

"मग तसं चित्र काढून दाखवायचं होतं ना," बायको म्हणली. "लिहून काय ठेवायचं?"

त्या दिवशी तिनं सगळ्या शिवणी उसवल्या आणि आत घेऊन परत टाचल्या. झगा अंगाला बसला. पण आतून बघितला तर प्रत्येक शिवणीला दोन्हीकडं दोन-दोन इंचांच्या झालरी लोंबत होत्या. नातीनं कातर उचलली, ते जास्तीचं छाटून टाकायला. बायकोनं तिच्या हातातून कातर अशी ओढली की मी दचकलो.

"अजिबात नाय."

"आज्जी, राणी काय लठ्ठ होणार हाय का? एकच प्रयोग हाय."

"अन् जिंकला तर? पुढं मुंबईला न्यायचा झाला तर? सहा महिन्यांनी तू काय एवढीच राहणार? हॉस्टेलचं खाऊन पोरी फुगतात. कापलेलं कापड परत येत नाय."

"मी कुठं हॉस्टेलला हाय?"

"राहशील कधीतरी."

नात माझ्याकडं बघून म्हणली, "आबा, तुम्ही सांगा ना."

मी म्हणलं, "मी चाळीस वर्षं सांगून बघितलंय. तू नवीन हायेस, तू सांग."

तो दिवस तसाच गेला. झालरी आतच राहिल्या. दुसरी अडचण वेगळीच होती. चित्रातल्या बाईची छाती पाटासारखी सपाट आणि आमच्या झग्याला सुरकुत्या. पडद्याचं कापड जाड खरं, पण अंगावर आलं की वळायचं, मुडपायचं. बायकोनं आतून कॅनव्हास लावून बघितलं, कॉलरला लावतात तसलं; ते नातीनं वाकल्यावर मोडलं आणि मोडलं ते मोडलंच.

दोन दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजीत मीठ दोनदा. आणि मग एका सकाळी झगा उलटा करून मांडीवर घेऊन बसली होती, ती एकदम म्हणली, "इकडं या. बोट घाला."

ती जी जास्तीची झालर होती, तिची तिनं घडी घातली होती आणि कडेनं टीप मारली होती. बरोबर एक भुयार तयार झालं होतं. बोट जाईल असं. वरून खालपर्यंत.

"ह्याच्यात काहीतरी कडक घालायचं," ती म्हणली. "वाकलं तरी परत सरळ होणारं. तुमच्या कंपनीत खोक्यांना बांधतात ती पट्टी नाय का? पिवळी. ती तुटत नाय अन् मोडत नाय."

पॅकिंगची पट्टी! मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. जन्मभर मी ती पट्टी कापून कचऱ्यात टाकली. भंगारवाल्याकडून एक वेटोळं घेऊन आलो. तुकडे कापले, प्रत्येक टोक कानशीनं गोल घासलं, मेणबत्तीवर जरा भाजून गुळगुळीत केलं, म्हणजे पोरीला टोचायला नको. एक एक पट्टी त्या भुयारांत सरकवली. पुढच्या रविवारी नातीनं घातला, दोरी आवळली आणि आरशापुढं गेली. एक सुरकुती नाही. बोटानं ठोकलं तर आवाज यावा असा सपाट. आणि पोरगी आपोआप ताठ उभी. वाकायचं म्हणलं तरी वाकता येईना.

"आज्जी," ती हळूच म्हणली, "मी खरंच राणी दिसती."

बायको म्हणली, "छाट म्हणत होतीस ना?"

एवढा गर्व मी तिच्या तोंडावर दुसऱ्या कुठल्या वेळी बघितला असेल तर मला आठवत नाही. लेकरं झाली तेव्हा थकलेली होती, घर झालं तेव्हा काळजीत होती. त्या दिवशी नुसती खूष होती. मला म्हणली, चहा ठेवा, आणि मी ठेवला.

घेर गोल उभा राहावा म्हणून आत कडी पाहिजे होती. ते काम माझं. शेतात ठिबकला बारीक काळी नळी वापरतात, तिची तीन कडी केली, लहान, मधलं, मोठं, आणि नाडीच्या पट्ट्यांनी एकमेकांखाली टांगली. नात दारातून आत येईना. आडवी होऊन यायला लागली. शेजारीण म्हणली, ही राणी नाय, हा कोथिंबिरीचा मळा हाय, नळी जोडा, पाणी सोडा. हसू देत. झगा उभा राहिला तेव्हा तिनंच तिच्या चार मैत्रिणी बोलावून आणल्या बघायला.

मग राहिला फक्त खालचा घेर. फरशीला लागू नये आणि पायाचं बोट दिसू नये, इतकाच वर उचलून हातानं आतून शिवायचा. त्यासाठीच मी त्या दिवशी स्टुलावर उभा होतो.

तर चहा. मी दोन कप केले. तिनं अर्धा घेतला, म्हणली, खांदा लईच दुखायला लागलाय, जरा आडवी होते. मी म्हणलं, बाम लावू का? म्हणली, नको, वास येतो, कापडाला लागंल. पलंगावर आडवी झाली. मी कप विसळले, बाहेर झाडांना पाणी घातलं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोललो. आत आलो आणि हाक मारली, "उठ गं, उजेड चाललाय, राहिलेलं करून घे." ती उठली नाही. दुसऱ्यांदा हाक मारताना माझा मलाच आवाज वेगळा आला. शेजाऱ्यानं गाडी काढली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जास्त वेळ घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली माणसं घरभर बसली. लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले. एकजण म्हणली, तिनं शिवलेला ब्लाउज अजून घालते. मी ऐकत होतो पण माझं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं चादरीखाली झगा होता, कड्यांवर उभा, कुणीतरी माणूस तोंडावर पांघरूण घेऊन बसल्यासारखा. तीन भाग टाचलेले, एक भाग मोकळा.

संध्याकाळी माणसं कमी झाल्यावर नात माझ्याशेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले.

"आबा, मी नाटक नाय करणार. सरांना सांगते उद्या. दुपारच्या आत सांगितलं तर दुसरी पोरगी उभी करतील."

मुलगा म्हणला, "बरोबर हाय. कशाला ते आता."

"कधी हाय प्रयोग?" मी विचारलं.

"शनिवारी. उद्या कपड्यांसकट तालीम हाय, संध्याकाळी. पण आबा, मला नाय जमणार."

"तुला जमणार नाय की तुला वाटतं करू नये?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"तुझी आजी मेली," मी म्हणलं. "झगा मेला नाय."

मुलगा उखडला. "बाबा, काय बोलताय तुम्ही? पोरगी रडती अन् तुम्हाला..."

"रडू दे ना. मी कुठं नको म्हणलो? रडून झाल्यावर जाऊ दे. तुझ्या आईला पुढं बसून बघायचा होता हा झगा. ती बसणार नाय, ते मला कळतं. पण तो चादरीखाली राहिला तर तिचं हेबी काम पदराखालीच गेलं."

मग मुलगा जरा खालच्या आवाजात म्हणला, "मग राहिलेलं टेलरकडून करून घेऊ उद्या."

"दुसऱ्याचा हात लागणार नाय त्याला. मी करतो."

इथं माझी बहीण मधी पडली. अक्का माझ्याहून मोठी, गावाकडची. आमच्याबरोबर तिनंही दीक्षा घेतलेली, पण जुनं सगळं अजून पदराला बांधलेलं. ती म्हणली, "घरात मयत झालंय रे. दिवस जाऊ दे. अशात सुई-कातर धरू नये. मेल्या माणसाला टोचतं."

"अक्का," मी म्हणलं, "जन्मभर तिला सुया टोचल्या. बोटं बघायची होती तिची. आता एखादी टोचली तर तिला वाटंल घरीच हाय."

अक्का तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी पण मग थांबलो नाही. सगळ्यांदेखत रडलो. रडून झाल्यावर ताट आलं ते खाल्लं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. चादर काढली. झगा अंगात घालायला मन झालं नाही, आणि गरजही नव्हती. कंपनीत डाव्या बाजूचा भाग करायचा असला तर आम्ही उजव्याचं माप घेऊन उलटा काढायचो. उजवी मागची बाजू तिनं पूर्ण टाचलेली होती. स्टीलची पट्टी घेतली, कमरेपासून घडीपर्यंत जागोजागी मोजलं, खडूनं डावीकडं खुणा केल्या. तिनं आत चार बोटं कापड दुमडलं होतं, इथं पण सोडलेलं मार्जिन. मी पण चार बोटंच दुमडलं. मग कडी काढली, घेर मांडीवर घेतला आणि दारापाशी बसलो.

ब्लाउजच्या हातशिलाया मी तिला करताना बघितल्या होत्या, केली एक नव्हती. आतली घडी धरायची आणि बाहेरच्या कापडाचा एकच धागा सुईत घ्यायचा, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. तो एक धागा माझ्या सुईत येईना. कधी काहीच यायचं नाही, कधी तीन यायचे. पहिली वीत उसवली. दुसऱ्यांदा जमत गेलं.

मागून नात आली. वाकून बघितलं.

"आबा, टाके लई मोठे पडतायत."

"बाहेरून दिसतायत का?"

तिनं घेर उलटा करून उजेडाकडं धरला. "नाय."

"मग गप बस. नाहीतर सुई घे."

तिनं सुई घेतली. उजव्या बाजूनं ती सुरू झाली, डावीकडून मी. एकदा तिचा धागा गुंतला, मी म्हणलं, लांब घेतला की गुंततो, हातभर घे, आज्जी हातभरच घ्यायची. ती म्हणली, माहितीय. आणि मोबाइल वाजला तर तिनं उचलून सांगितलं, "हो सर, येतेय. कपडे घेऊन येतेय." असं म्हणून परत शिवायला लागली. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर माझा टाका चुकला असता.

अक्का उठून आली. आमच्या दोघांच्या हातातल्या सुया बघितल्या. मला वाटलं आता बोलणार. ती पुढं गेली, दाराचं दुसरं फळकूट उघडलं आणि म्हणली, "अंधारात कशाला डोळे फोडता? इकडं सरकून बसा, उजेडात."

ऊन अंगणात यायच्या आत घेर पुरा झाला. इस्त्री मी केली, झगा उलटा करून, आतल्या बाजूनं, फुलं चेपू नयेत म्हणून. नातीला म्हणलं, चल, मी पण येतो पोचवायला. तालीम संध्याकाळी होती, पण तिला तिथं आधी जायचं होतं आणि मला घरात बसवत नव्हतं. रिक्षात मागं झगा आणि नात बसले की जागाच उरली नाही. मी पुढं रिक्षावाल्याजवळ टेकलो.

वाळूजच्या नाक्यापुढं गेल्यावर तो आरशात बघून म्हणला, "काय हाय काका हे? लग्नाचं?"

"झगा हाय. राणीचा. माझ्या बायकोनं शिवलाय."

"लई भारी हाय. शिवून देतात का बाहेरचे? माझी पोरगी हाय, तिला फ्रॉकची लई हौस."

"आता नाय शिवत."

"बंद केलं काय?"

"व्हय," मी म्हणलं. "परवापासून."

तो बरं म्हणला आणि गिअर टाकला. थोडं पुढं गेलो. मग मला राहवेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणलं, "रिक्षा बाजूला घे. आरशातून नाय दिसत. उतरून नीट बघ."

त्यानं बाजूला घेतली. नात म्हणली, "आबा, काय हे!" मी खाली उतरलो, मागून घेराचं टोक बाहेर ओढलं, उन्हात धरलं आणि त्याला उलटा करून आतून दाखवला, मग सुलटा करून बाहेरून.